धुळवडीची बादली

धुळवडीच्या दुपारी आमच्या आवारात मटणाच्या रश्श्याचा वास सुटला, की थोड्याच वेळात बादलीच्या कडीचा खुळखुळाट ऐकू यायचा. मायाप्पामामा निघाले, हे घरात बसून कळायचं. मग बायका ताटांतली हाडं चटचट एका वाटीत काढून ठेवायच्या, कारण मामा दारात आले की ती मिळाल्याशिवाय हलत नसत.

मी मोहोळची. सत्तर सालच्या आसपास सोलापुरातल्या एका प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले आणि साखर पेठेच्या मागच्या अंगाला एका आवारात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आवारात आठ बिऱ्हाडं, मधे मोकळी जागा, तिच्या एका कडेला नीलाक्काचा गोठा. पहिल्याच धुळवडीला गावाकडून भाऊ आला होता म्हणून मी मटण केलं होतं. आम्ही जेवायला बसलो आणि दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. अंगात खाकी सदरा, डोक्याला पांढरं पटकूर, उजव्या कानात चांदीची बाळी, हातात जस्ताची बादली. सणाचं मागायला कुणीतरी आलंय असं समजून मी वाडग्यात रस्सा वाढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"जेवलोय बाई," ते म्हणाले. "हाडं मागाया आलोय."

"हाडं? कशाला हो?"

"कुत्र्याला घालू नयेत म्हनून."

माझा भाऊ मोठ्यानं हसला. "हाडं कुत्र्याला नाही घालायची तर काय माणसानं खायची?"

मामांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "कच्चं हाड येगळं, पाव्हणं. शिजल्यालं हाड काचंवानी फुटतं. घशात न्हाय अडकलं तर आतड्यात जाऊन बसतं. सन आपला हाय. त्यास्नी त्येची शिक्षा कशापाय?"

भावानं आपलं ताट पुढे सरकवलं. हाडं बादलीत पडली. मामा पुढच्या दाराला गेले.

आवारामागे एक शेवग्याचं झाड होतं. त्याच्याखाली मामा होळीच्या सकाळीच कमरेइतका खड्डा खणून ठेवत. आठ बिऱ्हाडांची आणि समोरच्या गल्लीतली हाडं त्यात टाकून, वर माती लोटून, मातीवर भला मोठा दगड ठेवत आणि मगच हातपाय धुऊन घरी जात. आमच्या शेजारी राजय्या नावाचे विणकर होते. घरी तेलुगू बोलायचे, बाहेर सोलापुरी मराठी. ते दरवर्षी न चुकता विचारायचे, "काय मामा, एवढ्या हाडांचं सूप करताव का?" मामा दरवर्षी तेच उत्तर द्यायचे, "व्हय. तुमाला सांगावा धाडतो."

राजय्यांच्या कुत्र्याचं नाव टायगर. नावाला टायगर, पण ढोलकं वाजलं की खाटेखाली शिरायचा. धुळवडीला मामा त्याला आपल्या ओट्यावर घेऊन बसत आणि दुधात कुस्करलेली भाकरी आपल्या हातानं भरवत. सगळं आवार रश्श्यावर ताव मारत असताना त्या मुक्या जिवाला नुसता वास घेत बसावं लागू नये, एवढाच हेतू.

मामा सांगोल्याकडचे धनगर, समोरच्या गल्लीत राहत. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. म्हणजे डॉक्टर तपासायचे, कंपाउंडर औषध द्यायचा आणि मामा जनावर धरायचे, जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. त्यांच्या हातांना कायम फिनेलचा वास यायचा आणि दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चावल्या-ओरबाडल्याच्या जुन्या खुणा होत्या. माणसांशी ते केव्हा अरे-तुरेवर येतील, याचा नेम नसे. शाळा तपासायला आलेल्या एका मोठ्या साहेबाला त्यांनी "अरं बाबा, सायकल बाजूला घे की" म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. जनावरांशी मात्र बोलणं अदबीचं. गाईला "अवं आक्का, जरा सरा की," म्हैस असली तर "मालकीणबाई", आणि टायगरला "पाव्हणं". मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मानूस रागावलं तर सांगंल. ह्ये सांगत्यात का? मग आदीच नीट बोलावं."

शिमग्यापासून पाडव्यापर्यंत मामांना रजा नको असायची; जनावरांना याच दिवसांत जास्त धोका, असं ते म्हणत. रंगपंचमीला पोरं कुत्र्यांना रंगवायची, तेव्हा मामा नळावर बसून एकेकाला धुऊन काढत. पाडव्याला गुढीच्या साखरगाठी उतरल्या, की दारोदार जाऊन सांगत, "गाटी खावा, पर दोरा चुलीत टाका. गोडाला लागल्याला दोरा मांजर गिळतं." ह्या सांगण्याला कुणी हसलं, तरी त्यांना काही वाटत नसे. त्यांचं लक्ष दोऱ्याकडे असायचं.

हे सगळं आम्ही जरा विनोदानंच घेत होतो. ते एका होळीला बदललं.

नीलाक्का अक्कलकोटकडची. मराठीत मधेमधे कानडी घालून बोलायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गंगी नावाची एक तांबडी गाय आणि तिचं दूध, यावर तिचं घर चालायचं. गंगी इतकी गरीब, की शाळेतून येताना मी तिच्या कपाळावर हात ठेवला तर डोळे मिटून घ्यायची.

होळीच्या दिवशी गाईला पुरणपोळीचा घास द्यायचा, हे आपल्याकडे घरोघर. त्या वर्षी माझी नोकरी कायम झाली होती. आईनं मोहोळहून निरोप धाडला होता, "गाईला पोटभर घाल, कमी करू नकोस." मी तुपात भिजवलेल्या पाच पोळ्या नेऊन घातल्या. गंगीनं त्या इतक्या आवडीनं खाल्ल्या, की मलाच भरून आलं. माझ्यामागे राजय्यांची बायको ताट घेऊन उभी होती. तिच्यामागे आणखी दोघी. नीलाक्का गोठ्याच्या दाराशी कौतुकानं बघत होती. सणाचा घास नको म्हणायचं तिच्या जिवावर आलं असणार. समोरच्या गल्लीतूनही कुणीकुणी येऊन गेलं.

मामा तेव्हा दवाखान्यात होते. डॉक्टर सणासाठी वैरागला आपल्या घरी गेले होते, त्यामुळे दवाखान्यात मामा आणि एक म्हातारा पहारेकरी, एवढेच.

चारच्या सुमाराला नीलाक्काची हाक ऐकू आली. आम्ही धावलो. गंगी पाय फाकवून उभी होती. तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती. ती दात करकर वाजवत होती आणि दर श्वासाला कण्हत होती. कुणी म्हणालं ओवा द्या, कुणी म्हणालं दृष्ट काढा. तेवढ्यात मामांची सायकल आवारात शिरली. त्यांनी ती भिंतीला टेकवलीसुद्धा नाही, तशीच सोडून दिली. सरळ गंगीपाशी आले, कुशीला कान लावला, बोटांनी वाजवून बघितलं. आवाज टणटण आला.

"काय काय घातलं हिला?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"लाजू नगा. मी भांडाय आलो न्हाय. काय खाल्लं त्ये मला कळाय पायजे."

तेव्हा एकेकीनं सांगायला सुरुवात केली. कुणी चार म्हणालं, कुणी तीन, कुणी कटाच्या आमटीची डाळही घातली होती. माझी पाळी आली तेव्हा मी हाताची पाच बोटं दाखवली. मामांनी मान हलवली, रागानं नाही. "तुमी एकल्यानं न्हाय बाई. समद्यांनी थोडं थोडं पुन्य केलं, त्येचं हिच्या पोटात येवढं झालं."

मग त्यांच्या हालचालींना वेग आला. कडुलिंबाची जाड काटकी गंगीच्या तोंडात आडवी घालून शिंगांमागे बांधली. त्यानं ती जीभ हलवत राहील आणि वारा वर येईल, असं ते म्हणाले. तिचे पुढचे पाय ओट्यावर चढवले. राजय्यांनी गोडं तेल आणलं, मी खायचा सोडा. मामांनी ते एकत्र करून बांबूच्या नळीनं हळूहळू पाजलं. "मान लई वर धरू नगा, फुफ्फुसात जाईल," असं सारखं बजावत होते. पाऊण तास गेला. उतार तर नाहीच, कूस पाठीच्या कण्याच्या वर आली. गंगीची जीभ बाहेर लोंबायला लागली, डोळे मोठे झाले.

मामा एकाएकी उठले आणि सायकलवर टांग मारून निघून गेले. नीलाक्का म्हणाली, "गेला का मामा? सोडून गेला का?"

वीस मिनिटांत ते परत आले. हातात फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू होती. सुऱ्यासारखं टोकदार हत्यार आणि त्याच्यावर बसणारी धातूची नळी. पोट फुगलेल्या जनावराला डॉक्टर ते कुशीत खुपसतात, मग हत्यार काढून घेतात आणि नळीतून वारा बाहेर पडतो. हे हत्यार दवाखान्यातल्या कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली डॉक्टरांबरोबर वैरागला होती. मामांनी पहारेकऱ्यासमोर दगडानं कुलूप फोडलं होतं. सरकारी कुलूप. त्यांच्या पेन्शनीला तेव्हा फार वर्षं उरली नव्हती.

राजय्या हळूच म्हणाले, "मामा, हे काम डॉक्टरचं. काय कमीजास्त झालं तर नोकरी जाईल की."

"व्हय," मामा म्हणाले आणि स्पिरिटचा बोळा कुशीवर फिरवू लागले.

नीलाक्कानं ते हत्यार बघितलं आणि ती गंगीच्या गळ्यात पडली. "बेड मामा, बेड! नको! टोचू नको माझ्या लेकराला."

मामा तिच्याजवळ खाली बसले. एवढ्या घाईतसुद्धा बसले. "अक्का, पंधरा वर्सं साहेबांच्या बाजूला हुभा ऱ्हाऊन बघितलंय. माज्या हातानं कदी केलं न्हाय. खोटं बोलत न्हाय. पर आता थांबलो तर ही घटकाभर काडत न्हाय. वाचली तर तुजी. मेली तर मी मारली म्हन."

नीलाक्कानं मिठी सोडली. दोन्ही हातांनी गंगीचं तोंड धरलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

मी मामांच्या मागे कंदील धरायला उभी होते. अजून उजेड होता, पण गोठ्यात सावली होती. मामांनी हात एकदा खाकी पँटीला पुसला, बरगडीच्या मागची जागा बोटांनी पुन्हा मोजली, आणि एकदम, सगळा जोर लावून हत्यार आत घातलं. गंगी हादरली. मामांनी हत्यार काढून घेतलं आणि नळीतून सू... असा आवाज सुरू झाला. आंबलेल्या गुळाचा उग्र वास गोठाभर पसरला. राजय्यांची बायको रडायला लागली. मामा म्हणाले, "रडू नगा, मोजकंच सोडायचं हाय, एकदम सोडलं तर ती पडंल." नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून ते थोडं थोडं सोडत राहिले. मधे नळीतूनच तेल आत ओतलं.

चौकात होळी पेटली. पोरांनी बोंबा मारायला सुरुवात केली, हलग्या वाजायला लागल्या. गंगीनं कान टवकारले. मामांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी चौकात गेले. शाळेची बाई म्हणून पोरं मला ओळखत होती. त्यांना सांगितलं, आवारात एकजण आजारी आहे. त्यांनी हलग्या पलीकडच्या चौकात नेल्या. कोण आजारी आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या वर्षी आमच्या आवारातल्या कुणीही होळीला नैवेद्य दाखवला नाही.

सकाळी गंगी बसली होती आणि रवंथ करत होती. नीलाक्का तिच्या समोर भुईवर बसून तिच्या जबड्याकडे बघत होती. तो जबडा डावीकडून उजवीकडे हलताना बघणं, याच्याइतकं सुख मला पुढे फार थोड्या गोष्टींत मिळालं.

त्या धुळवडीला मामा बादली घेऊन निघाले नाहीत. ते गोठ्यातच भिंतीला पाठ लावून बसले होते. दुपारी राजय्यांच्या बायकोनं आपणहून बादली उचलली. मी तिच्याबरोबर निघाले. घरोघरची हाडं गोळा करून आम्ही दोघींनी शेवग्याखालच्या खड्ड्यात टाकली. दगड काही आम्हाला उचलेना. राजय्या आले आणि त्यांनी तो ठेवला. सूप हा शब्द त्यांनी काढला नाही.

संध्याकाळी मी मामांना चहा नेऊन दिला. आम्ही हाडं पुरली, हे सांगितलं. त्यांनी कपबशी हातात धरली, पण चहा प्यायले नाहीत. मग आपणहून बोलायला लागले.

"माजा एक कुत्रा हुता, बाई. खंड्या. मेंढरामागं असायचा. एकदा लांडगा आला, तर एकल्यानं त्येला ओढ्यापतुर पळीवला. कान फाटला त्येचा, पर एक कोकरू जाऊ दिलं न्हाय. मग माज्या भावाचं लगीन झालं. त्येच्या दुसऱ्या दिशी बकरं कापलं. म्या म्हनलं, आज खंड्याचा मान. ताटातलं सगळ्यात मोटं हाड म्या माज्या हातानं दिलं त्येला. शेपूट हालवून हालवून खाल्लं त्येनं."

त्यांनी गंगीकडे एकदा बघितलं.

"दोन दिस वरडत हुता. मग खांद्यावर घिऊन सोलापूरला आनला. थोडं गाडीवर, थोडं चालत. साहेबांनी बघितलं, म्हनले उशीर झाला. दवाखान्याच्या पायरीवरच गेला. लांडग्यानं न्हाय मारला त्येला. म्या मारला. लाडानं."

"मग?"

"मग गावाकडं जाऊ वाटंना. साहेबांना म्हनलं, झाडलोट करतो, पगार नगं. त्ये जुनं साहेब लई चांगलं हुतं. ठिवून घेतलं." त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "रागानं जनावर मारनारा एकादा आसतोय, बाई. लाडानं मारनारी लई."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर वैरागहून आले. तरुण होते आणि शिस्तीचे. कुलूप फोडलेलं कपाट बघून त्यांनी मामांना सगळ्यांसमोर खूप बोलून घेतलं, असं पहारेकऱ्यानं आम्हाला सांगितलं. मामा एक शब्द उलट बोलले नाहीत. दुपारी डॉक्टर स्वतः आमच्या आवारात आले. मामा दोन पावलं मागे, मान खाली घालून. आम्ही सगळ्या बायका दारात येऊन उभ्या राहिलो. नीलाक्का हात जोडूनच बसली होती. डॉक्टरांनी गंगीची कूस तपासली, जखम बघितली, जागा बोटानं चाचपली. पुन्हा एकदा चाचपली.

"ही जागा कुणी दाखवली तुला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच हाताकडं बघून," मामा म्हणाले.

डॉक्टर रुमालानं हात पुसत म्हणाले, "ते कुलूप जुनंच झालं होतं. बदलायचं होतंच." आणि निघाले. जाता जाता दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाले, "मलमपट्टी रोज करा. माशी बसू देऊ नका." पहिल्यांदाच ते मामांना अहो-जाहो बोलले, हे माझ्या लक्षात आलं. मामांच्या आलं की नाही, कुणास ठाऊक. ते माशीचंच ऐकत होते.

नव्या कुलपाला दोन किल्ल्या आल्या. पुढच्या शिमग्यापासून डॉक्टर गावाला जाताना त्यातली एक मामांकडे देऊन जाऊ लागले.

आमच्या आवारातही रीत बदलली. पुढच्या होळीला सकाळीच मामा कडवळाच्या हिरव्या पेंढ्या घेऊन गोठ्याच्या दाराशी उभे होते. ज्या बाईच्या हातात ताट दिसेल तिला म्हणत, "पोळी गंगीला दावा, सुपारीयेवढा तुकडा तोंडाला लावा, आन पोटाला ह्ये घाला." काही म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, गाईचा घास मोडला म्हणाल्या. तेव्हा नीलाक्का पुढे झाली. मराठी आणि कानडी मिसळून तिनं त्यांना काय सुनावलं ते मला पुरतं कळलं नाही, पण त्यानंतर कुरकुर ऐकू आली नाही. उरलेल्या पोळ्या तिनं शिंक्यावर ठेवल्या आणि दुपारी आम्हालाच खायला घातल्या.

पुढे माझी बदली झाली. मामाही निवृत्त होऊन सांगोल्याकडे गेल्याचं कानावर आलं. ते जाताना मी भेटले नाही, याची रुखरुख होती.

दहा-एक वर्षांनी मी एस.टी.नं पंढरपूरहून सांगोल्याकडे चालले होते, मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला. चैत्राचं ऊन होतं. एका वळणावर गाडी थांबली. रस्त्यावरून मेंढरं चालली होती, संपता संपत नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. मेंढरांच्या मागून एक वाकलेला म्हातारा आला. त्यानं खांद्यावरच्या घोंगड्यात एक नुकतं जन्मलेलं कोकरू धरलं होतं. त्यानं ड्रायव्हरकडे हात केला, जरा थांब, असा. ड्रायव्हरचा हात हॉर्नवरून निघाला.

कानातली बाळी उन्हात चमकली आणि मी ओळखलं. खिडकीतून डोकं काढून मी हाक मारली, "मायाप्पामामा! मी बाई! मोहोळच्या बाई!"

त्यांनी वर बघितलं. डोळ्यांवर आडवा हात धरला. नजर अधू झाली असावी. हाक कुठून आली ते त्यांना कळेना. पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत ते एकेक खिडकी बघत गेले, माझ्याही खिडकीकडे बघितलं आणि पुढे गेले. मी पुन्हा हाक मारली, पण तेवढ्यात गाडी सुरू झाली आणि इंजिनाच्या आवाजात ती बुडाली.

मी वळून बघत राहिले. रस्त्याच्या कडेला ते एका हातानं कोकरू सावरत उभे होते आणि दुसरा हात उंच करून सबंध गाडीला हलवत होते. आत कुणीतरी आपलं आहे, एवढं त्यांना पुरलं होतं.